जात्याच कष्टाळू?

‘तुम्ही चिनीतून भाषांतरं करता, मग सांगा, ती माणसं जात्याच कष्टाळू असतात ना?’ लग्नकार्यात, रेल्वेत, कुठेही मला हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. जात्याच वगैरे काही नाही. ती माणसं दमली आहेत, आणि हे मला त्यांच्याच शब्दांतून कळलं.

ऑफिसात राबणारी तिथली तरुण मंडळी स्वतःला ‘न्यूमा’ म्हणवतात. न्यू म्हणजे बैल, मा म्हणजे घोडा. मी ‘घाण्याचा बैल’ लिहिते. घोडा सुटतो, पण थकवा पोचतो. ‘९९६’ म्हणजे सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. तिथल्या कायद्यात मात्र दिवसाला ८ तास आहेत. २०१९ मध्ये ‘अलिबाबा’ या बड्या ऑनलाइन कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी ९९६ला पूर्वपुण्याई म्हटलं, त्याच वर्षी प्रोग्रामर मंडळींनी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर ‘९९६.आयसीयू’ नावाचं निषेधाचं पान सुरू केलं: असं काम करा आणि अतिदक्षता विभागात जा. २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयानंही ही पद्धत बेकायदा ठरवली.

‘मोयू’ने मला फार दिवस छळलं. मूळ अर्थ गढूळ पाण्यात मासे चाचपणं. आज मात्र कामाच्या वेळात गुपचूप मोबाइल पाहणं, चहा रेंगाळत पिणं. आधी मी ‘पाट्या टाकणं’ लिहायचे. ते चुकलंच. पाट्या टाकणारा काम करतो, फक्त जीव ओतत नाही. मोयू करणारा तेवढा वेळ काम बाजूला ठेवून स्वतःचा श्वास परत घेतो. मला त्यात कामचुकारपणा दिसत नाही.

‘ह्वाबिंग’ म्हणजे रोटीचं चित्र काढणं. पुढच्या वर्षी बढती देऊ, असं साहेब सांगतात तेव्हा ते ह्वाबिंग करतात. इथे मराठी तयार होती: कोपराला गूळ लावणं. त्या दिवशी मी खूश होते.

२०२१ चा ‘थांगफिंग’ म्हणजे आडवं पडणं. घर, लग्न, बढती या शर्यतीतून अंग काढून घ्यायचं, गरजेपुरतं कमवायचं. ‘लोळणं’ हा शब्द मी तिथे वापरत नाही. त्यात हिणवणं आहे.

अलीकडचा ‘बानवेइ’ अजून अडलाय. शब्दशः कामाचा वास. नोकरी अंगाला अशी चिकटते की सुट्टीतही डोळ्यांत, खांद्यांत दिसते. तुमच्या घरी रात्री उशिरा कामावरून परतणारं कोणी असेल, तर याला काय म्हणाल, हे त्यांना विचारून मला कळवा.