लाडबोरीची रिंग आणि सातवीचा वर्ग

४ एप्रिल २०२२, सोमवार. सकाळच्या शाळेत सातवीला सरळव्याज शिकवायचं होतं, पण हजेरीसुद्धा पूर्ण झाली नाही. शनिवारी, पाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भभर लोकांनी आकाशात जळत्या रेघा पाहिल्या होत्या, आणि आमच्याच सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीत, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग मोकळ्या जागेत येऊन पडली होती. पाठोपाठ पवनपारकडे एक गोळा सापडला. गावात तोवर उल्का, क्षेपणास्त्र, बाँब अशा तिन्ही बातम्या फिरून झाल्या होत्या. युक्रेनचं युद्ध ताजं होतं, त्यामुळे बाँबवाल्यांचा आवाज मोठा.

"गुरुजी, उल्काच होती ना जी?"

मी उलट विचारलं, रेघ किती वेळ दिसली? एक पोरगा म्हणाला, आईला हाका मारून अंगणात आणलं, तरी दिसतच होती. झालं, उत्तर त्यानेच दिलं. उल्का साधारणपणे सेकंद-दोन सेकंदांत विझते. ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते. कक्षेतून उतरणारी वस्तू आठएक किलोमीटरने, जवळजवळ आडवी, तुटत-तुटत जाते, म्हणून सावकाश वाटते. 'सावकाश' म्हटल्यावर वर्ग हसला. मग फळ्यावर हिशोब मांडला: या वेगाने सिंदेवाहीहून मुंबई दीड मिनिटात. हसू थांबलं.

जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने तोवर अंदाज दिला होता की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. मग पुढचा प्रश्न: एवढे दिवस तो वरच काहून राहिला? लांबट कक्षा काढून दाखवली. तिचं जवळचं टोक दर फेरीला विरळ हवेला घासतं, थोडा वेग जातो, पुढच्या फेरीत दूरचं टोक खाली येतं. असं होत-होत एक दिवस हवा त्याला सोडतच नाही. गोळा म्हणजे इंधनाच्या टाक्यांत दाब राखणाऱ्या वायूची टाकी. पोकळ, आकाराच्या मानाने हलकी, म्हणून उंचावरच तिचा वेग मोडतो आणि ती बरेचदा जमिनीपर्यंत शाबूत पोचते.

सगळ्यात चांगला प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलीचा. "वाघानं म्हैस मारली तं फारेस्टवाले पैसे देतेत. म्हशीवर हे पडली असती तं कोन देनार होता जी?" आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे: रॉकेट सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध न करताही जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडे मागता येते. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला, त्यापोटी रशियाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. मात्र दावा देशाने देशावर करायचा. म्हणजे पंचनामा तलाठ्याचा आणि पत्र दिल्लीचं बीजिंगला. म्हशीचा मालक तोवर किती चकरा मारेल, हे मी बोललो नाही. पोरांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे पाहून गेले. सरळव्याज तसंच मागे पडलं.

त्या वर्षाने पुढेही पुष्कळ दाखवलं. १२ जुलैला जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले रंगीत फोटो आले; मी हौसेने दाखवले, पोरं "मस्त" म्हणाली आणि खेळायला गेली. नासाच्या डार्ट यानाचं मात्र तसं झालं नाही. २७ सप्टेंबरला, आपल्याकडे पहाट व्हायच्या आधी, ते यान डिमॉर्फस नावाच्या, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या दगडावर मुद्दाम आदळवलं. त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून ३२ मिनिटांनी कमी झाली. आकाशातून येणारी वस्तू ढकलता येते, हे त्यांना लगेच पटलं. कारण सरळ आहे, यांच्या तालुक्यात एक पडलेली होती.

नोव्हेंबरात लाँग मार्च ५बी चा वीस टनांहून जड टप्पा खाली येत होता, तेव्हा स्पेनने काही भागातलं विमानांचं आकाश सुमारे ४० मिनिटं बंद ठेवलं. तो पडला पॅसिफिकमध्ये. बातमी वाचल्यावर त्याच मुलीने विचारलं, मग आपल्याले काहून नाही सांगितलं? मी फळ्याकडे बोट केलं. वेळेचा अंदाज एक तासाने चुकला तर जागा किती सरकते? तिने गुणाकार केला: २८,८०० किलोमीटर.

"म्हंजे साऱ्या जगालेच घरात बसवा लागते जी."