आमची वाटचाल : रॅकचं मागचं दार

साऊंडचा रॅक, म्हणजे मशीनं एकावर एक बसवायचा खोका, समोरनं बघितला तर सगळ्यांचे सारखेच दिसतात. वर मिक्सर, त्याखाली कॉर्डलेसचे रिसीव्हर, तळाला ॲम्प, लाईटी लुकलुकतायत, गिऱ्हाईक खूश. आमच्याकडं कोण नवीन आलं की मी आधी रॅक फिरवतो आणि मागचं दार उघडतो. लोक म्हणतात ओ, पुढनं दाखवा की. पुढचं कंपनीनं केलंय, मागचं आम्ही केलंय, म्हणून मागनं दाखवतो.

सुरुवात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात, रिपेरिंगनं. ॲम्प, इको, भजनी मंडळांच्या माईकच्या वायरी. रॅकबिक काय डोक्यात नव्हतं. एक दिवस अण्णा आले. अण्णा म्हणजे नाटकांचे आणि ऑर्केस्ट्राचे साऊंडवाले, त्या लाईनमधे कोल्हापुरात त्यांना कोण ओळखत नाही असं नाही. टेम्पोतनं एक १२ यूचा (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं माप) रॅक उतरवला आणि सोबत एक पोतं. पोत्यात वायरी. म्हणाले, "जोडायला दीड तास जातोय, सोडवायला एक तास. ह्ये सगळं आतनंच जोडून दे. मी जाऊन दोन वायरी लावणार आन् च्या पिणार."

मी लगेच हो म्हटलं. आठ दिवस लागलो. पॉवरच्या, माईकच्या, प्लेअरच्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन मागनं एक जाडजूड वेणी घातली आणि दर दोन बोटांवर प्लॅस्टिकची टाय आवळली. काय दिसत होतं म्हणून सांगू, फोटो काढून बायकोला दाखवला. पहिलाच प्रयोग नाटकाचा होता, गंभीर प्रसंग, बाई रडतीय, हॉल गप्प, आणि स्पीकरमधनं घुंईईई. ५० हर्ट्झ. तीन अंक घुंई.

माईकच्या बॅलन्स लाईनींनी ते सहन केलं असतं, त्यात सिग्नलच्या दोन तारा असतात, दोन नंबर आणि तीन नंबर, त्यांच्यावर आलेली घाण पुढं जाऊन एकमेकीला कापते, पण पार्श्वसंगीताच्या प्लेअरची साधी, बॅलन्स नसलेली आरसीए वायर त्याच वेणीत, २३० व्होल्टच्या वायरीला मिठी मारून वरपासनं खालपर्यंत गेलेली. ती काय करणार बिचारी.

अण्णा ओरडले नाहीत. प्रयोग संपल्यावर मला हॉलच्या मागं बसवलं, स्वतः बॅटरी धरली आणि एकेक टाय कापायला लावली. "मोज." चौसष्ट भरल्या. त्यातल्या एका टायचं कापलेलं टोक राहिलं होतं त्यानं त्यांच्याच तळहाताला चांगला ओरखडा बसला. त्यावर म्हणाले, "वेणी लग्नातल्या नवरीला घालायची. मशीनला घालू नगंस." बाकी काय बोलले नाहीत, पैसेही कापले नाहीत, उलट परत तोच रॅक माझ्याकडं दिला. मी असतो तर दिला नसता, खरं सांगतो.

तिथनं आमची पद्धत ठरली. मागनं बघितलं तर पॉवर डाव्या कडेनं, सिग्नल उजव्या कडेनं, आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात, बरोबरीनं पळवायच्या नाहीत. वायर हवेत लोंबकळू नये म्हणून उद्यमनगरातनं ६ एमएमच्या सळीच्या दांड्या करून घेतल्या, दोन्ही टोकं चपटी करून भोकं पाडलेल्या, रॅकच्या दोन खांबांना मागनं आडव्या बसतात आणि वायर तिच्यावर विसावते. बाजारात त्याला लेसिंग बार म्हणतात हे लई उशिरा कळलं. आम्ही दांडी म्हणायचो, अजून दांडीच म्हणतो. पहिल्या लॉटला कारागिरानं पट्टीनं मापून भोकं पाडली आणि एकही बसली नाही. तेव्हापासनं रॅकची रुंदी १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलीमीटर आणि एक यू म्हणजे ४४.४५, हे दुकानातल्या पोराला झोपेतनं उठवून विचारलं तरी आलं पाहिजे असा नियम आहे.

आणि टायच्या जागी वाद्या. चप्पल लाईनीतल्या एका ओळखीच्या कारागिराकडनं कापून उरलेल्या चामड्याच्या बारीक वाद्या आणायचो, एका टोकाला चीर, दुसरं टोक त्यातनं ओढून घ्यायचं. वायर चेपत नाही, हवी तेव्हा सोडता येते, आणि वास कोल्हापुरी चपलेचा. बाहेरगावचे साऊंडवाले हुंगून बघायचे. पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरायची, म्हणून मग वेलक्रोवर आलो. आता टेलरिंग मटेरियलच्या दुकानातनं रोलच आणतो.

मधली वर्षं बरी गेली, कामं आली, दोन पोरं ठेवली.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीत आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली, २००५ ला भिंतीवर जिथंवर ओल आली होती त्याच्या हातभर वर सामान ठेवलं आणि घरी जाऊन झोपलो. शटर उघडलं तेव्हा बेंचवरचे नऊ रॅक चिखलात, त्यातले सहा गिऱ्हाइकांचे. कनेक्टर हिरवे पडलेले. गिऱ्हाइकांचं भरून द्यायला बायकोच्या पाटल्या गेल्या. आणि २ सप्टेंबरला गणपती, म्हणजे हातात तीन आठवडे.

हे पाण्याचं झालं, पाण्यावर राग धरून काय करायचं. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

आमच्याकडं चार वर्षं काम शिकलेला एक जण होता. नाव घेत नाही, घ्यायची गरजपण नाही, ह्या लाईनीतल्या लोकांना कळलंच असेल. सोल्डर करताना कनेक्टरचं मागचं टोपण आधी वायरीत ओवायचं असतं हे त्याला मी शिकवलं. (नाहीतर सगळं मस्त सोल्डर होतं आणि टोपण टेबलावर आपल्याकडं बघत बसतं. आजही महिन्यातनं एकदा माझंपण होतं.) आम्ही चिखल धूत होतो त्या तीन आठवड्यात ह्यानं वरच्या भागात, जिथं पाणी आलं नाही तिथं, गाळा घेतला आणि आमच्या रॅकच्या मागच्या बाजूचे फोटो स्वतःचे म्हणून मोबाईलवर फिरवले. आम्ही वायरिंगचे चौदा हजार घ्यायचो, हा आठ. बरं कर की धंदा, कोण नको म्हणतंय, मी तरी कुठं आईच्या पोटातनं शिकून आलो होतो. पण "त्यांचं दुकान बुडालं, आता ते काय उभं राहत न्हाईत" हे सांगत फिरायची काय गरज होती? मार्चमधे लॉकडाऊन लागलं तेव्हा खरंच बुडाल्यातच जमा होतो, वर्षभर एक कार्यक्रम नाही, मी घरगुती मिक्सर दुरुस्त केले, चटणीचे.

परत कार्यक्रम सुरू झाल्यावर एका गॅदरिंगला त्याचा रॅक गेला. तिथं त्यानं सांगितलेलं, शाहूपुरीच्या पद्धतीनंच केलाय. ऐन कार्यक्रमात अर्धे माईक बंद आणि हमिंग. दुसऱ्या दिवशी फोन कुणाला? मला. "तुमच्या रॅकनं नाक कापलं." मी सांगतोय आमचा नाही, ऐकायला कोण तयार नाही. दोन ऑर्डरी त्या एका दिवसात गेल्या.

अण्णांना कुठनं कळलं माहीत नाही. संध्याकाळी त्या आयोजकांनाच रॅकसकट टेम्पोत घालून घेऊन आले, रस्त्यावरच उतरवला, म्हणाले उघड मागनं. दार उघडलं. तळाला घरात वापरतो तसला एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रू नाही काय नाही, वायरीलाच लटकलेला. कागदाची लेबलं ॲम्पच्या गरमीनं वळून वाळक्या पानासारखी पडलेली, तीपण एकाच टोकाला. मधला रिसीव्हर बाहेर काढायला गेलो तर चार बोटं पुढं येऊन अडकला, मागं वायरीला ढिलाईच नाही, ओढून ओढून दोन एक्सएलआरचे, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या कनेक्टरचे, सोल्डरचे डाग तुटलेले. अर्धे माईक तिथं बंद झाले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हमिंग घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापलेली.

अण्णा आयोजकांना एवढंच म्हणाले, "ह्यो हेचा न्हवं. हेच्या रॅकला दांडी असत्या."

त्या दोन ऑर्डरी परत आल्या नाहीत. फोन मात्र आला, सॉरी म्हणाले. सॉरीचं बिल कसं फाडायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. अर्थिंग तोडू नका. हमिंग जातं खरं, पण उद्या ॲम्पची बॉडी लाईव्ह झाली तर माईक धरणारा माणूसच अर्थिंग होतो. लूप असेल, म्हणजे दोन मशीनच्या अर्थिंगचं वेटोळं होऊन हमिंग येत असेल, तर सिग्नलच्या बाजूनं तोडा, डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल बॅलन्स करणारा डबा) अर्थ सोडायचं लिफ्टचं बटण असतं, नाहीतर बॅलन्स लाईनीत एका टोकाला एक नंबरची शील्ड (तारांभोवतीची जाळी) सोडा किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. फँटमवर, म्हणजे माईकच्या वायरीतनंच येणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या माईकच्या लाईनीत मात्र शील्ड सोडू नका, माईक बंद पडेल. ढिलाई एवढी ठेवा की मशीन जोडलेलं असतानाच पुढं पूर्ण बाहेर आलं पाहिजे, त्याहून जास्त नको, जास्तीची वायर गुंडाळून कोपऱ्यात कोंबली की तिथंच उंदराचं घर. लेबल दोन्ही टोकांना, हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आवळणारी नळी) आत. जड ॲम्प तळाला, वर ठेवलात तर टेम्पोच्या पहिल्या वळणाला कळेल. आणि वायर कोपरावर गुंडाळणाऱ्या पोराला कामावर ठेवू नका. एक वेढा सरळ, एक उलटा, असं शिकवा, नाही शिकला तर स्पीकर उचलायला ठेवा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अण्णा तिथं रस्त्यावर उभे होते, मीपण होतो. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं नाट्यगृह. कुठल्या विंगेत कुठला बोर्ड गरम होतो हे त्यांना पाठ होतं. त्या रात्री ते काय बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा तो जुना १२ यूचा रॅक घेऊन दुकानात आले, म्हणाले सगळं नवीन कर, परत उभं राहील तेव्हा तयार पायजे. नवीन केला. फक्त वरून तिसऱ्या दांडीवर एक चामड्याची वादी होती, पहिल्या लॉटमधली, काळी पडलेली, ती काढायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती."

सध्या दुकान तिथंच शाहूपुरीत आहे, माल माळ्यावर असतो. गणपतीच्या आधी पंधरा दिवस नवीन रॅकची ऑर्डर घेत नाही, फक्त रिपेरिंग. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन लावून दिला तरी घेत नाही. अण्णांचं वेगळं.