ठुशी, पावसाळी उजेड आणि काळी छत्री

सुटलं एकदाचं! पाऊस लागल्यापासून जी ठुशी फोटोत नुसती पिवळी पट्टी दिसत होती, ती या रविवारी ठुशी दिसली. मणी न् मणी सुटा, प्रत्येकाला आपली गोलाई, आणि ओळींच्या मधली बारीक सावलीसुद्धा जागेवर. इतका आनंद झालाय की ही नोंद आजच लिहायला घेतली. चप्पल आणि बुगडीचं शेवटी उरकते, आजची सगळी जागा ठुशीची.

मांडणी नेहमीचीच. एकरंगी सुती कुर्ता, एकच दागिना, खिडकीचा उजेड, स्टँडवर फोन, मागचा कॅमेरा, टायमर. नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगते की फोन हाताच्या अंतरावर धरून फोटो घेऊ नका. त्यात नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. दोष भिंगाचा नसतो, अंतराचा असतो. फोन पाच-सहा फूट लांब ठेवा, २ एक्सवर घ्या. चेहरा लोकांना दिसतो तसा येतो आणि गळ्यातला दागिनाही आपल्या मापात राहतो.

आता अडचण. कोल्हापुरात एकदा झड लागली की दिवसच्या दिवस आभाळ उघडत नाही. चेहऱ्याला तो उजेड फार मानवतो. अख्खं आभाळच एक मोठा मऊ दिवा झालेलं असतं. डोळ्यांखाली सावली नाही, कपाळावर तेलकट चमक नाही, रंग एकसारखा. साधा पांढरा कुर्ता घालून खिडकीशी उभं राहिलं तरी माणूस ताजं दिसतं. आणि त्याच फोटोत नजर गळ्यावर गेली की ठुशी मेलेली! मणी एकमेकांत मिसळलेले, कडा नाहीत, जणू पिवळी रिबीन बांधली आहे.

आधी उजेड कमी करून पाहिला. फोनवर बोट दाबून एक्सपोजर लॉक केलं आणि पट्टी खाली ओढली. ठुशी जरा सावरली, पण चेहरा काळवंडला. मग मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारला. मणी असे काही चमकले की विचारू नका, पण नाकाची सावली गालावर, डोळ्यांखाली खड्डे. म्हणजे चेहऱ्याला मऊ उजेड हवा आणि धातूला कडक, अशी ओढाताण. ब्यूटी मोड बंद केला, कारण तो गळ्याची त्वचा गुळगुळीत करता करता शेजारचे मणीही पुसतो. पोर्ट्रेट मोडही बंद केला; पार्श्वभूमी धूसर करताना तो झुमक्याच्या कडा आणि मोकळ्या बटा खातो. दोन्ही गोष्टींनी फोटो सुधारला, ठुशी मात्र तिथंच.

ओळखीच्या एका फोटोग्राफरनं सीपीएल फिल्टर दिला, म्हणजे भिंगापुढे धरून फिरवायची, चमक अडवणारी काच. रंकाळ्यावर जाऊन तो फोनपुढे धरून फिरवला तर पाण्यावरची चमक जागच्या जागी गेली, झाडांची पानं गडद हिरवी झाली. ठुशीवर ढिम्म परिणाम नाही. कारण नंतर कळलं. पाण्यावरून किंवा काचेवरून तिरपा परतणारा उजेड बराचसा ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, म्हणून फिल्टर तो अडवू शकतो. उघड्या धातूवरून परतणारा उजेड तसा होत नाही. तेव्हा दागिन्यांसाठी कुणी सीपीएल घ्या म्हटलं तर पैसे घालू नका. पाण्याकाठच्या फोटोंसाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

धागा हाती लागला तो दसरा चौकात. शाहू स्मारक भवनात चित्रांचं प्रदर्शन होतं, आणि त्यात पितळी समईचं एक स्थिरचित्र होतं. लांबून समई लखलखत होती. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पितळेत पिवळा रंग थोडाच! एक उभी, जवळजवळ काळी पट्टी, तिला खेटून पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका, आणि उरलेल्या जागेत तपकिरी, हिरवट, थोडा पिवळा. लखलखाट त्या काळ्या पट्टीमुळे होता. चित्रकार मंडळींना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारानं ज्या गावात स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला, त्या गावात फोटोची अडचण चित्रापाशी सुटावी याचं मला फार बरं वाटलं.

घरी येऊन जुना फोटो मोठा करून पाहिला. एका मण्यावर थांबले. त्यात उजवीकडे आमची खिडकी होती, गजांसकट. मधोमध स्टँड आणि फोन, काडीएवढे. डावीकडे पांढरी भिंत. खाली पांढरा कुर्ता. शेजारच्या मण्यात तेच, त्याच्या शेजारच्या मण्यातही तेच. कापडावर पडलेला उजेड चहूकडे पसरतो, म्हणून कापडाचा रंग दिसतो. चकचकीत धातू मात्र समोर जे असेल तेच परत दाखवतो. समोर सगळं पांढरंच असेल तर बिचाऱ्या मण्यानं दाखवायचं काय? उजेड कमी नव्हता, जास्तही नव्हता. मण्याला दाखवायला काळोख नव्हता.

रविवारी मावसबहीण आली होती. माझ्यासारखी तीही साध्या कपड्यांवर एकच दागिना घालते, आणि तिची मान लांब असल्यामुळे ठुशी तिला शोभते. तिला खिडकीशी उभं केलं, पंख्याला, दिव्याला सुट्टी दिली आणि कोपऱ्यातली बाबांची मोठी काळी छत्री उघडून तिच्या डावीकडे धरली, फ्रेमच्या जरा बाहेर.

“ताई, घरात छत्री उघडतीस? आज्जीनं बघितलं तर ओरडंल की.”

“आज्जी देवळात गेल्यात. तू हनुवटी हलवू नको.”

“मी थांबतो गं, पण तू लवकर आवर, पाय दुखाय लागले.”

पहिल्या फोटोतच फरक दिसला. प्रत्येक मण्याच्या डाव्या अंगाला एक बारीक गडद कोर आली, उजवीकडे खिडकीचा ठिपका तसाच राहिला, आणि मधे सोन्याचा खरा रंग उमटला. छत्री लांब नेली की कोर बारीक होते, जवळ आणली की रुंद. दीड-दोन फुटांवर सगळ्यात छान दिसली. आणि वर फुकटात मिळालेली गोष्ट म्हणजे चेहरा. भिंतीवरून डाव्या गालावर येणारा पांढरा उजेड छत्रीनं अडवला, त्यामुळे जबड्याची रेघ स्पष्ट झाली आणि मान आणखी लांब दिसली. बहिणीनं फोटो पाहून आधी स्वतःचा गाल बघितला, ठुशी नंतर. तिला म्हटलं, अगं, ठुशी बघ! “बघितली गं. भारीच. पण मी पण नाद खुळा दिसतोय की!”

छत्री निवडताना कापडाची काळीच घ्या. आत चंदेरी थर असलेली उन्हाळी छत्री उलटं काम करते, उजेड परतवते. तिचा उपयोग वेगळा आहे. पितळेची किंवा काळपट चांदीची वस्तू फारच अंधारी दिसत असेल तेव्हा ती कामाला येते.

ठुशीबद्दलही दोन शब्द. महाद्वार रोडवर वन ग्रॅमच्या ठुश्या ढिगानं मिळतात आणि दुकानदार हमखास सांगतो की जेवढी झगझगीत तेवढी फोटोला चांगली. माझं मत उलट आहे. अगदी आरशासारखं पॉलिश असेल तर मण्यात खोलीतला सगळा पसारा दिसतो. मॅट पॉलिशवर प्रतिबिंब विरघळतं, गोलाई राहते. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली मॅट ठुशी पहिल्याच पावसाळ्यात हिरवट पडली, तेव्हापासून मी दागिना हातात घेऊन, उलटा करून, मागची बाजू बघूनच घेते. आणि घेतल्यावर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांकडे नेते. तिथल्या काकांनी ठुशी गळ्याला लावून पाहिली आणि म्हणाले, “ठुशी गळ्याला धरून बसली पाहिजे. लोंबली की ती माळ झाली.” मागचा गोफ त्यांनी नव्यानं करून दिला, गोंडा सरकवला की माप बदलतं. फोटोत याचा फरक फार पडतो. सैल ठुशी एका बाजूला फिरते, मण्यांच्या ओळी वाकड्या होतात आणि मग कितीही छत्र्या धरा.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली, आणि तिच्यामुळे पुढचा बेत बदलतोय. मण्याच्या खालच्या अर्ध्या भागात कुर्ता दिसतो, हे वर मीच लिहिलंय. मग काळोख छत्रीतूनच का आणायचा? कुर्ताच गडद घेतला तर? गडद जांभळा, बाटलीहिरवा किंवा सरळ काळा, बोट नेकचा, म्हणजे कापड ठुशीच्या बऱ्यापैकी जवळ येईल. मण्यांना खालून आपोआप गडद कोर मिळेल आणि बाहेर फिरताना छत्री धरायला दुसरं माणूस लागणार नाही. एकटीनं फोटो घेणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय होईल. फक्त गडद कपड्यानं फोन फसतो. फ्रेममध्ये काळं जास्त आलं की तो सगळंच उजळ करतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून चेहऱ्यावर बोट ठेवून एक्सपोजर लॉक करायचं आणि पट्टी थोडी खाली ओढायची. पांढऱ्या कुर्त्याला याच्या उलट, थोडी वर. इचलकरंजीचं एकरंगी सुती कापड घरात पडून आहे, त्यातलं बाटलीहिरवं उद्याच शिवायला टाकते. चमकतं कापड नको, सॅटिन तर नकोच.

मूळ बेत असा होता की पुढच्या आठवड्यात पन्हाळ्यावर जाऊन कोल्हापुरी साजाचे, म्हणजे गळ्यातल्या पानांच्या हाराचे, फोटो घ्यायचे. तो पुढे ढकलला. ठुशीचे मणी गोल असतात, म्हणून प्रत्येकात थोडा उजेड, थोडा काळोख येतोच. साजाचं तसं नाही. परंपरेनं साजाला २१ पानं: १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. यातली बरीच पानं चपटी, आणि चपटं पान म्हणजे लहानसा आरसा. एक तर पूर्ण उजळतं, नाहीतर पूर्ण विझतं. छातीवर एकेक पान वेगळ्या कोनात पडतं, त्यामुळे मासा दिसतो तर कासव दिसत नाही, चंद्र लखलखतो तर शंख काळा. साज घालून नुसतं काहीतरी सोनेरी गळ्यात दिसणं मला मान्य नाही. ज्यानं तो घडवला त्यानं एकेक पान ओळखू यावं म्हणूनच घडवला असणार.

त्यासाठी मोठा पण एका बाजूचा उजेड लागेल, आणि तो वरून नाही, आडवा यायला हवा. इथं किरणोत्सवाची आठवण झाली. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून सरळ अंबाबाईच्या गाभाऱ्यात जातात, ते सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असतो म्हणूनच. असा आडवा उजेड हनुवटीची सावली गळ्यावर पाडत नाही. दुपारच्या फोटोत गळ्यातला दागिना काळा का पडतो, त्याचं उत्तर हेच: उजेड डोक्यावरून येतो आणि हनुवटी छत होते. तेव्हा साजाचे फोटो आता नोव्हेंबरमध्ये, रंकाळ्याच्या पूर्वेच्या काठावरून, मावळतीकडे तोंड करून. साजाखाली व्ही गळ्याचा कुर्ता, कानात फक्त कुड्या, हात मोकळे.

बाकीचं भराभर. कापशी चप्पल आणि एकरंगी कुर्ता, याला मी आता डोळे झाकून हो म्हणते. फोन कमरेच्या उंचीवर ठेवा, वरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड होतात आणि चप्पल तर दिसतच नाही. वजन मागच्या पायावर, पुढचा पाय थोडा बाहेर वळवलेला, म्हणजे अंगठा, पट्टा आणि वेणी तिन्ही दिसतात. चप्पल लाईनमध्ये नवी जोडी घेतलीत तर तेल मुरून रंग गडद होईपर्यंत फोटोची घाई करू नका. कोरं पिवळसर चामडं पांढऱ्या कुर्त्याबरोबर पायापाशी नजर ओढून घेतं.

हातांचं एक. पाटली घातलेला हात कॅमेऱ्याकडे पुढे आणला की मनगट जाड दिसतं. हात शरीराच्या रेषेत ठेवा, बोटं सैल सोडा आणि टायमर वाजायच्या आत श्वास सोडा. खांदे आपोआप खाली येतात.

बुगडीचं मात्र अजून जमलेलं नाही. केस मागे घेतले तर बुगडी दिसते, पण समोरून ती कानाच्या कडेला नुसता ठिपका होते. चेहरा तिरका वळवला तर दिसते, पण मग नजर कुठं ठेवायची? खाली पाहिलं तर फोटो उदास होतो, बाजूला पाहिलं तर ठरवून काढल्यासारखा वाटतो. कुणी बुगडीचा तिरका फोटो जमवला असेल तर फोन किती उंचीवर होता आणि उजेड कुठल्या कानाच्या बाजूनं घेतला, एवढं कळवा. हिरवा कुर्ता शिवून आला की पहिला प्रयोग त्यावरच करते.