पीएच.डी.चे विद्यार्थी शिकवायला कुठे शिकतात?

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाची गाठ प्राध्यापकापेक्षा टीएशीच, म्हणजे टीचिंग असिस्टंटशीच, अधिक पडते. प्राध्यापक आठवड्यातून दोन-तीन वेळा मोठ्या सभागृहात दोनशे-तीनशे मुलांना व्याख्यान देतात. मग हीच मुले वीस-पंचवीसच्या गटांनी डिस्कशन सेक्शनला, म्हणजे चर्चेच्या तासाला, किंवा प्रयोगशाळेत येतात आणि तिथे त्यांच्यासमोर उभा असतो तो पीएच.डी.चा विद्यार्थी, ज्याने बऱ्याचदा आयुष्यात कधी खडू हातात घेतलेला नसतो. आठवड्याला साधारण २० तासांच्या या कामाच्या मोबदल्यात त्याची फी माफ होते आणि दरमहा मानधन मिळते. महाराष्ट्रातून इथे पीएच.डी.साठी येणाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण याच व्यवस्थेवर चालते. मध्यपश्चिमेतील अशाच एका विद्यापीठात मी आधी टीए होते आणि आता संशोधन सांभाळून, नव्या टीएंना अध्यापनात मदत करणाऱ्या केंद्रात अर्धवेळ काम करते. या केंद्रात नेमके काय चालते, हे गावाकडच्या प्राध्यापक मंडळींकडून वारंवार विचारले जाते, म्हणून हा लेख.

अशी केंद्रे केवळ विद्येच्या प्रेमापोटी उभी राहिली, असे मानण्याचे कारण नाही. मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी केंद्र काढले आणि अमेरिकेतील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. पुढे १९७५ मध्ये हार्वर्डमध्येही असे केंद्र सुरू झाले. परंतु टीएंच्या तयारीला खरी निकड आली ती पालकांच्या तक्रारींमुळे. एवढी फी भरून आमच्या मुलांना ज्यांचे इंग्रजी कळत नाही अशा परदेशी विद्यार्थ्यांकडून का शिकावे लागते, हा प्रश्न १९८० च्या दशकात अनेक राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत पोहोचला आणि शिकवणाऱ्याच्या बोली इंग्रजीची खातरजमा करण्याचे कायदे झाले. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९९० चा आहे. त्या तक्रारींत परक्यांविषयीची अढी किती आणि रास्त गाऱ्हाणे किती, हे वेगळे करणे सोपे नाही. पण त्यांतूनच विद्यापीठांना परदेशी टीएंसाठी उच्चार, वेग आणि वर्गातील संवाद यांचे अभ्यासक्रम आखावे लागले आणि पुढे स्थानिक टीएंनाही तयारीची तेवढीच गरज आहे, हे उमगले.

ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होण्याआधी, नव्या टीएंसाठी ओळखवर्ग होतो. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतील हा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, कारण ज्याने अजून वर्ग पाहिलेला नाही त्याला वर्गातील अडचणींवरचे उपाय सांगून फारसे काही साधत नाही. त्यातून लक्षात राहतात ते नियम. उदाहरणार्थ, १९७४ च्या एका संघराज्यीय कायद्यानुसार विद्यार्थ्याचे गुण ही त्याची खासगी बाब आहे आणि ते नावानिशी भिंतीवर लावता येत नाहीत. सूचनाफलकापुढच्या गर्दीत उभे राहून स्वतःच्या आधी मैत्रिणीचे गुण पाहिलेल्या आमच्यासारख्यांना हे पचायला थोडा वेळ लागतो.

त्यानंतर येते ते सूक्ष्म अध्यापन. पाच-दहा मिनिटांचा एकच मुद्दा घ्यायचा, सहकाऱ्यांनी विद्यार्थी व्हायचे, पाठाचे चित्रीकरण करायचे आणि मग चर्चा. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. आपल्याकडे बी.एड. केलेल्या कोणालाही ती सांगावी लागणार नाही; सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र त्यांना तोंडपाठ असते. गंमत अशी की, आपल्याकडे सातवीच्या वर्गाला शिकवणाऱ्याला या चक्रातून जावे लागते, पण बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवणाऱ्याला सेट किंवा नेट पुरते, आणि त्या परीक्षांत तो फळ्यासमोर उभा राहून कसा बोलतो हे कोणी पाहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली खरी, परंतु तिथले उद्बोधन वर्ग नेमणूक झालेल्या प्राध्यापकांसाठी होते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारा, पीएच.डी. अर्धी झालेला तरुण ज्या काळात शिकवण्याच्या सवयी लावून घेतो, त्या काळात त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. इथे नेमका तोच काळ पकडलेला आहे.

या सगळ्यात मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते वर्गनिरीक्षण. टीएने स्वतः विनंती केली, तरच आम्ही जातो. आधी अर्धा तास बोलणे होते: आज काय शिकवणार आहात, मुलांना तासाअखेर काय यायला हवे, आणि मी विशेषकरून कशाकडे लक्ष द्यावे? मग मी मागच्या रांगेत वही घेऊन बसते आणि घड्याळ पाहून नोंदी करते. त्यांत ‘छान’, ‘कंटाळवाणे’ असले शेरे लिहायचे नसतात, तर जे घडले तेच लिहायचे असते: ‘९.०७, प्रश्न विचारला. दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिले. ९.१५, खिडकीकडच्या रांगेतील एकालाही अजून बोलावे लागलेले नाही. ९.३१, फळ्यावरचे समीकरण मुले उतरवत असतानाच पुसले.’ दोन-तीन दिवसांत या नोंदी समोर ठेवून पुन्हा बसायचे. अहवाल टीएच्याच हाती जातो. विभागाकडे किंवा गाईडकडे तो आमच्याकडून जात नाही, आणि या एका अटीमुळेच लोक मोकळेपणाने बोलावतात.

प्रश्नानंतरच्या शांततेचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक निरीक्षणात येतो. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर उत्तरांची लांबी आणि दर्जा दोन्ही सुधारतात. वाचताना हे सोपे वाटते. वर्गात तीन सेकंद गप्प उभे राहणे मात्र नव्या माणसाला अपमानासारखे वाटते. भारतातून आलेल्या टीएंच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. मुले उत्तर देत नाहीत म्हणजे त्यांना माझे इंग्रजी कळले नाही, असे समजून ते प्रश्न दुसऱ्या शब्दांत, आणखी वेगाने विचारतात आणि विचार करू लागलेल्या मुलाला पुन्हा आरंभापाशी आणून सोडतात.

दुसरी उपयुक्त पद्धत सत्राच्या मध्यावर वापरतात. सियाटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात १९७० च्या दशकात ती आकाराला आली. टीए वर्गाबाहेर जातो, केंद्रातील माणूस मुलांचे चार-पाच जणांचे गट करतो आणि विचारतो की, या तासातल्या कशाने तुमच्या शिकण्याला मदत होते, कशाने अडचण होते आणि काय बदलावे. गटांच्या उत्तरांवर संपूर्ण वर्गाचे कितपत एकमत आहे हे तिथेच तपासले जाते. सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायाचा त्या वर्गाला काहीच फायदा नसतो. इथे अजून सहा-सात आठवडे हातात असतात. फळ्याच्या खालच्या भागात लिहिलेले मागे दिसत नाही, एवढी साधी गोष्टही यातून पहिल्यांदा कळते.

मिशिगनच्या केंद्राचा स्वतःचा नाट्यगट आहे, हे नाटकवेड्या मराठी माणसाला सांगितलेच पाहिजे. वर्गातील अवघड प्रसंग हे कलाकार रंगमंचावर उभे करतात आणि मग प्रेक्षकांत बसलेले शिक्षक व टीए त्यावर चर्चा करतात. वर्गात एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा अपमान केला तर शिकवणाऱ्याने त्या क्षणी काय करावे, हे नियमावली वाचून कळत नाही. प्रसंग डोळ्यांसमोर घडला की बरोबर वाटणारी उत्तरे किती अपुरी आहेत ते लक्षात येते.

अडचण असते ती बहुधा गाईडची. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने अध्यापनाच्या कार्यशाळेत घालवलेली दुपार हा संशोधनाचा तोटा आहे, असे मानणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत, आणि अनुदान, शोधनिबंध व बढती यांचे गणित पाहता त्यांना सर्वस्वी चूक म्हणता येत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात मुख्यालय असलेल्या आणि २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीतून सुरू झालेल्या सर्टल या विद्यापीठांच्या जाळ्याने यावर चतुर तोड काढली: अध्यापनालाच संशोधनाचा विषय करायचे. विद्यार्थी आपल्या वर्गाविषयी एक प्रश्न ठरवतो, पद्धत बदलून पाहतो, पुरावा गोळा करतो आणि निष्कर्ष मांडतो. विज्ञानाच्या गाईडला ही भाषा समजते. त्याला पटवण्यासाठी हाताशी आकडेही आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि मुलांना तासातच कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले.

पीएच.डी.नंतरच्या नोकऱ्यांचाही विचार करावा लागतो. संशोधनप्रधान विद्यापीठांत जागा थोड्या. अध्यापनाच्या नोकऱ्या पुष्कळशा लहान महाविद्यालयांत आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत असतात, जिथे शिकवण्याचे तास जास्त आणि मुले वेगळ्या पार्श्वभूमीची. भावी प्राध्यापकांच्या तयारीसाठी १९९३ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी उपक्रमात पीएच.डी.चा विद्यार्थी अशा जवळच्या महाविद्यालयात जातो, तिथल्या एका प्राध्यापकाबरोबर वावरतो, विभागाच्या बैठकींना बसतो आणि जमल्यास एखादा तास घेतो. मुलाखतीला बोलावल्यावर तिथे खऱ्या विद्यार्थ्यांसमोर नमुना पाठ घ्यायला सांगतात आणि अर्जासोबत अध्यापनविषयक निवेदन, म्हणजे आपण कसे आणि का शिकवतो याचे टिपण, मागतात. ते निवेदन प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी घाईने लिहिलेले असेल, तर निवड समितीला पहिल्याच परिच्छेदात कळते.

यंदा इकडे येणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की, तुमच्या इथल्या विद्यापीठात असे केंद्र असण्याची शक्यता मोठी आहे आणि टीएंसाठी त्याच्या सेवा सहसा विनामूल्य असतात. निरीक्षणाची विनंती सप्टेंबरमध्येच नोंदवावी, कारण सत्राच्या मध्याला सगळेच जागे होतात आणि आमच्याकडे वेळ उरत नाही.