तुम्ही विचारलेत म्हणून : त्या बैठकीत मी ‘नको’ का म्हणाले नाही

जुन्या बिलिंग प्रणालीतला डेटा नव्या प्रणालीत हलवण्याचा तो प्रकल्प कसा फसला, हे मला हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा ठाऊक असते. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या बिलात गेली, तक्रारी निस्तरण्यात कित्येक महिने गेले, आणि ज्या बैठकीत गो-लाइव्हचा, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू करण्याचा, निर्णय झाला तिच्या इतिवृत्तात प्रकल्प व्यवस्थापक म्हणून माझ्या नावापुढे ‘होकार’ असे लिहिलेले आहे. त्यामुळे मुलाखतींत, प्रशिक्षणवर्गांत आणि नव्याने प्रकल्प हाती घेतलेल्या सहकाऱ्यांकडून फिरून फिरून एकच विचारणा होते, की धोका दिसत असताना तुम्ही ‘नको’ का म्हणाला नाहीत. आजवर मी दिलेली उत्तरे एक तर तुटक होती किंवा समोरच्याला हवी तशी होती, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट ऐकायची असते: मी घाबरले, किंवा वरिष्ठांनी माझे तोंड बंद केले. यातले काहीच घडले नाही. माझे ठरलेले उत्तर असे, की डेटाचा धोका रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रकल्पातल्या संभाव्य धोक्यांच्या नोंदवहीत, नोंदवलेला होता, त्यापुढे लाल खूण होती आणि ते रजिस्टर प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या सुकाणू समितीपुढे दर महिन्याला जात होते. हे उत्तर खरे आहे. मात्र त्या नोंदीतले वाक्य होते, ‘डेटाच्या गुणवत्तेमुळे वेळापत्रकावर परिणाम संभवतो.’ असले वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाच्या रजिस्टरमध्ये असते आणि ते वाचून कोणाची झोप उडाल्याचे मी पाहिलेले नाही. ते कोणाला बोचू नये अशा बेताने लिहिले होते, असे आज मला म्हणता येईल; त्यावर तेव्हाची मी म्हणेल, की बोचणारे वाक्य समितीपुढे पोहोचण्याआधीच दुरुस्तीसाठी परत आले असते. तिचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही.

आता त्या दिवसाविषयी. डेटा हलवण्याच्या शेवटच्या रंगीत तालमीचा रिकन्सिलिएशन रिपोर्ट, म्हणजे दोन्ही प्रणालींतल्या आकड्यांचा ताळमेळ, माझ्यापुढे होता आणि त्यात ग्राहकांची संख्या, खात्यांची संख्या आणि थकबाकीची एकूण रक्कम हे तिन्ही आकडे जुन्या प्रणालीशी जुळत होते. आदल्या तालमीत थकबाकी कमी भरली होती, त्यामुळे हा रिपोर्ट पाहून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. बैठकीला थोडा वेळ असताना डेटाचे काम पाहणारा तरुण सहकारी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, आकडे जुळलेत, पण ते बरोबर जुळलेत असं मी सांगू शकत नाही.”

त्याने मला बंद होऊन पुन्हा सुरू झालेल्या खात्यांच्या ओळी दाखवल्या. जुन्या प्रणालीत खाते बंद झाले आणि त्याच जागेसाठी नवा ग्राहक आला, की जुनाच खाते क्रमांक पुन्हा वापरला जाई, आणि कोणती थकबाकी कोणाची हे केवळ तारखांवरून ओळखावे लागे. नवी प्रणाली अशा ओळी आधी नाकारत होती, म्हणून बेरीज कमी भरत होती. मधल्या काळात केलेल्या एका दुरुस्तीमुळे त्या ओळी आता स्वीकारल्या जात होत्या, पण त्या आधीच्या ग्राहकाच्या नावावर चढल्या की नंतरच्या, हे कोणी तपासले नव्हते. रक्कम एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली तरी बेरीज तीच राहते. आमच्या रिपोर्टला हा फरक दिसणेच शक्य नव्हते. त्याने हाताने उघडून पाहिलेल्या थोड्या खात्यांपैकी काही बरोबर होती आणि काहींबद्दल त्याला खात्री देता येत नव्हती. अशी एकूण खाती किती, असे मी विचारले, तेव्हा सगळी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. हे बैठकीत सांगशील का, असे विचारल्यावर त्याने क्षणभर विचार केला. “तुम्ही विचारलंत तर सांगेन,” तो म्हणाला.

मी बैठकीत त्याला विचारले, हे आवर्जून नमूद करते, कारण नंतर पसरलेल्या कथेत मी त्याला गप्प बसवल्याचे सांगितले जाते. त्याने काही खात्यांची पडताळणी बाकी असल्याचे सांगितले. अध्यक्षांनी अगदी शांतपणे विचारले, “चूक सापडली आहे का?” तो म्हणाला, “ठोस अशी नाही.” मग त्यांनी मला विचारले, “ठरलेले निकष पूर्ण झाले आहेत ना?” निकषांचा तक्ता मीच तयार केला होता, त्यात एकूण आकडे जुळावेत एवढेच लिहिलेले होते, आणि ते जुळले होते. मी ‘हो’ म्हणाले. त्या तक्त्यात होय आणि नाही असे दोनच रकाने होते.

यावर ऐकणारे लगेच चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचे उदाहरण देतात. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत ओ-रिंगांचा, म्हणजे रॉकेटाचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचा, भरवसा देता येत नसल्याचे सांगितले होते, तरी उड्डाण झाले. जिथे सात माणसांचे प्राण गेले त्या घटनेशी आमच्या चुकलेल्या बिलांची तुलना करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यातला एकच धागा मला मान्य आहे: सुरक्षित आहे हे सिद्ध करायचे असते तिथे सुरक्षित नाही हे सिद्ध करा, अशी मागणी त्या रात्री उलटी फिरली होती. आमच्या खोलीतही तेच झाले, कोणी न ठरवता झाले.

माझ्या कामाला अधिक जवळचे उदाहरण ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्या बँकेने एका शनिवार-रविवारात सगळा कारभार नव्या प्रणालीवर नेला. डेटा व्यवस्थित पोहोचला, पण प्रणाली कोलमडली आणि लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अहवालात, वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आखले गेल्याची टीका आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. तारखेपासून मागे मोजायला लागले, की प्रत्येक कामाला उरेल तेवढाच वेळ मिळतो आणि चाचण्या शेवटी असल्यामुळे काटछाट त्यांच्याच वाट्याला येते.

म्हणूनच मला खंत वाटते ती त्या होकाराची नाही, त्याच्या कित्येक आठवडे आधीच्या एका साप्ताहिक आढावा बैठकीची, जी माझ्याखेरीज कोणाच्या लक्षातही नसेल. विकासाचे काम लांबले होते, बफर, म्हणजे राखून ठेवलेला जादा वेळ, संपला होता आणि कुठून तरी दिवस काढायचे होते. रोलबॅकची, म्हणजे जुन्या प्रणालीवर परत जाण्याची, तालीम वेळापत्रकातून वगळावी असे ठरले आणि मी ते नोंदवून पुढच्या विषयाकडे वळले. परतीची वाट तपासलेली असती, तर ‘करून पाहू, नाही जमले तर मागे येऊ’ असे म्हणता आले असते आणि त्या तरुणाची शंका इतकी महाग वाटली नसती. परतता येणार नाही हे कळून चुकल्यावर शंका घेणे सगळ्यांनाच नकोसे होते. अर्थात ती तालीम ठेवली असती, तर डेटाची शेवटची तालीम रद्द झाली असती आणि त्या ओळी आम्हांला दिसल्याच नसत्या. हा हिशोब मी कितीदा तरी मांडला आहे आणि तो दर वेळी वेगळा येतो.

प्रकल्पानंतरच्या ‘धडे’ नावाच्या अहवालात यातले काहीच नाही. ‘संघांमधील संवाद वाढवावा’ असे तिथे लिहिले आहे, आणि त्याआधीच्या प्रकल्पाच्या अहवालातही तेच लिहिले होते. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते, की आधीची तशीच कामे लांबल्याचे माहीत असूनही माणूस आपल्या कामाचा अंदाज आशावादीच बांधतो. तेव्हा जुने अहवाल वाचून कोणी शहाणे होईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

पुढच्या प्रकल्पात मी निकष बदलले. बेरजांबरोबर निवडक खाती एकेक करून तपासायची, बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणसाने आधी बोलायचे आणि तक्त्यात ‘माहीत नाही’ असा तिसरा रकाना ठेवायचा, असे ठरवून घेतले. त्या तिसऱ्या रकान्यात तीन नोंदी आल्या, मी विरोध केला, तारीख पुढे गेली आणि वाढीव तपासणीत एकही चूक निघाली नाही. त्या विलंबाचा खर्च माझ्या नावावर मांडला गेला, आणि त्यानंतरच्या प्रकल्पाच्या निकषांतून तिसरा रकाना काढून टाकण्यात आला. काढणाऱ्यांना मी विरोध केला खरा, पण तो ठेवायलाच हवा हे पटवून देण्याइतका पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता आणि आजही नाही.