पत्त्यासमोरची लाल चांदणी

हॉस्पिटलचं बहुतेक कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, नवीन पेशंट घालायला गेलं की नाव, जन्मतारीख, फोन आणि पत्ता, त्या पत्त्यासमोर लाल चांदणी. भरल्याशिवाय सेव्हच होत नाही. मग समोर बसलेल्या माणसाला घरच नसेल तर काउंटरवरचे लोक काय करतात, क्लिनिकचाच पत्ता ठोकून देतात, नाहीतर शेल्टरचा, आणि हळूहळू एकाच पत्त्यावर अख्खं गाव राहायला येतं. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी. पुढे मॅचिंगवाला प्रोग्राम नाव, तारीख, पत्ता सारखा बघून दोन वेगळी माणसं एक करून टाकतो, आणि एकाची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन बसते. डुप्लिकेट रेकॉर्ड परवडलं एकवेळ, हे असलं मर्ज नको.

बरं यात टेक्निकली अवघड काहीच नाहीये, त्याचीच जास्त चीड येते. हेल्थ रेकॉर्डच्या देवाणघेवाणीचं एफएचआयआर नावाचं स्टँडर्ड आहे त्यात पत्ता कंपल्सरी नाहीच, जन्मतारखेत नुसतं साल टाकलं तरी चालतं, आणि माहिती का नाही हे सांगायलाही कोड आहेत, म्हणजे विचारलं पण त्याला माहीत नव्हतं, विचारलं पण सांगायला तयार नव्हता, असे. इंग्लंडात तर एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ठावठिकाणा नसलेल्यांसाठी झेडझेड९९ ३व्हीझेड असा एक काल्पनिक पोस्टकोडच ठेवलाय. आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या जागतिक यादीत बेघर असण्याला झेड५९.० कोड आहे. सोय सगळी आहे, कुणीतरी स्क्रीन बनवताना चांदणी लावून मोकळा झाला.

खरं तर हवा असतो तो पत्ता नाहीच, माणूस सापडेल कुठे ते हवं असतं. रात्री कुठे झोपतो, सकाळी कुठे दिसतो, कुठल्या वर्करशी नीट बोलतो, आणि हे शेवटचं कधी कळलं त्याची तारीख. कारण लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत माणूस तिथून हललेला असतो. टीबी पॉझिटिव्ह निघाला, नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, आणि सॉफ्टवेअर म्हणतं पेशंटला फोन करा, तो फोन तर कधीच चोरीला गेलाय! त्यापेक्षा असा रिपोर्ट रेकॉर्डच्या डोक्यावर लटकत राहिला पाहिजे, पुढच्या वेळी इमर्जन्सीत, शेल्टरमध्ये, रस्त्यावरच्या व्हॅनमध्ये, कुणीही उघडलं की आधी तोच दिसेल. व्हॅनमध्ये नेटवर्क नसतं कित्येकदा, म्हणून ऑफलाइन लिहून नंतर सिंक, आणि दोन नर्सनी दोन टॅबवर लिहिलं असेल तर दोन्ही नोट्स राहिल्या पाहिजेत, नंतरचीने आधीची पुसायची नाही.

औषधं लिहायच्या स्क्रीनवरही दोन साधे प्रश्न हवेत. इन्सुलिन ठेवायला थंड जागा आहे का, आणि जवळ टॉयलेट आहे का. लघवी वाढवणारी गोळी रस्त्यावर राहणारा माणूस घेत नसेल तर तो बेफिकीर नाहीये, त्याला जायला जागा नाही, पण रेकॉर्डमध्ये जातं 'गोळ्या घेत नाही' एवढंच.

आता माझी खरी भीती. तो कुठे झोपतो ही माहिती डॉक्टरला जितकी उपयोगी तितकीच चुकीच्या हातात घातक, पोलिस आहेत, मारहाण करणारा नवरा आहे, ज्याच्यापासून एखादी पळून आलीये तो. 'सगळ्या संस्थांना एकाच स्क्रीनवर सगळं' असं विकणारे आले की मी जरा सावध होतो. शेल्टरवाल्याला अपॉइंटमेंटची वेळ कळू दे, मानसोपचाराच्या नोट्स कशाला? आणि झोपायची जागा प्रत्येक रेफरलच्या समरीत आपोआप जाताच कामा नये, ती वेगळ्या फील्डमध्ये, पेशंटला विचारून, कोणी उघडून बघितली त्याच्या नोंदीसकट. माझं तर म्हणणं आहे ती ठरावीक काळाने आपोआप पुसली जावी. यावर रस्त्यावर फिरून काम करणारे लोक माझ्याशी भांडतात, म्हणतात हरवलेला माणूस शोधताना जुनी जागाच आधी धुंडाळतो आम्ही. त्यांचंही खोटं नाही, त्यामुळे हे फील्ड किती दिवस ठेवायचं ते अजून ठरत नाहीये.