तीन टक्क्यांची फिल्म

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूर ४३ ला टेकलेलं, लॅबचा एसी मशीनसाठी आहे माणसांसाठी नाही हे आमचे सर दरवर्षी ऐकवतात, त्यात घरी पाणी यायचा दिवस म्हणून पहाटे उठून सगळं भरून आलेले, म्हणजे डोकं आधीच तापलेलं. ज्युनियरच्या थीसिसच्या फिगर्स बघून द्यायच्या होत्या. माझी पीएचडी झाल्यापासून हे फुकटचं काम माझ्याच गळ्यात आहे, सर कॅप्शनमधलं स्पेलिंग सोडून काही बघत नाहीत.

विषय साधा. झिंक ऑक्साइडची थिन फिल्म, म्हणजे काचेवर पातळ थर, त्यात ॲल्युमिनियम १, २ आणि ३ टक्के, सायलर (SILAR) पद्धतीने, म्हणजे पट्टी आळीपाळीने बुडवून. लोकांना वाटतं रिसर्च म्हणजे मोठमोठी मशिनरी. आमच्याकडे चार बीकर, एक हॉटप्लेट आणि तुमचा हात. काचेची पट्टी झिंकच्या द्रावणात वीस सेकंद, बाहेर, गरम पाण्यात वीस सेकंद, बाहेर, असं पन्नास-साठ वेळा मोजत राहायचं आणि मध्येच कोणी "चहाला येताय का" म्हणलं की आकडा गेला. पट्टी आधी नीट धुतली नाही, बोटाचा नुसता तेलकट डाग राहिला तरी भट्टीत फिल्म पापुद्र्यासारखी सुटते. माझ्या सुटायच्या नाहीत, हे मी सांगणारच.

एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे मारून फिल्ममधल्या अणूंची रचना दाखवणारं मशीन, आमच्याकडे नाही. पट्ट्या कापसात गुंडाळून दुसऱ्या गावी पाठवायच्या, नंबर लागला की दोन-तीन आठवड्यांनी फाइल मेलवर येते.

तर एक्सआरडीचे तीन ग्राफ एकावर एक रचलेले. पीक, म्हणजे ग्राफचे सुळके, जागच्या जागी, ३१.८, ३४.४, ३६.३ अंशांच्या आसपास, बघत राहावं असे. पण पीक सगळेच बघतात, मला सवय आहे मधलं गवत बघायची, म्हणजे नॉइज, सुळक्यांच्या मधली बारीक थरथर. एक्सआरडी एक्स-रेचे फोटॉन मोजतं, सरासरी १०० येत असतील तर एकदा ९३ येतात, एकदा १०८, तीच पट्टी न हलवता परत स्कॅन केली तरी गवत वेगळंच उगवतं. आणि इथे ४२ अंशाजवळ, जिथे काहीच नसायला पाहिजे तिथे, दोन बारकी शिंगं, एक उंच एक बुटकं. दोन टक्क्यालाही. तीन टक्क्यालाही.

ओरिजिन या ग्राफच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आणि तीन टक्क्याचे कॉलम घेऊन भागाकार केला. आकडे वेगवेगळे आले, हायसं वाटलं खरं तर. मग काय सुचलं कोण जाणे, एक कॉलम पाच ओळी सरकवला (०.०२ ची स्टेप, म्हणजे ०.१ अंश) आणि परत भागलं. ०.८५. ०.८५. ०.८५. स्क्रोल करत खाली गेले, शेवटच्या ओळीपर्यंत तेच. म्हणजे तीन टक्क्याचं मोजलेलंच नाही, दोन टक्क्याचेच आकडे सरकवून एका आकड्याने गुणलेले.

फिजिक्सवाल्याला इथे शॉन आठवल्याशिवाय राहत नाही. यान हेंड्रिक शॉन, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधला संशोधक, २००१ मध्ये सरासरी आठ दिवसाला एक पेपर, आणि सापडला तो असाच, वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये तोच नॉइज. २००२ मध्ये समितीने २४ पैकी १६ आरोप खरे ठरवले. मूळ डेटा कुठाय विचारलं तर म्हणे कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती, डिलीट केला. यावर आम्ही कँटीनमध्ये पोट धरून हसलेलो. तो १९७४ चा न्यूयॉर्कचा समरलिनचा किस्सा पण तसाच, परकी कातडी शरीर नाकारत नाही हे दाखवायला पठ्ठ्याने पांढऱ्या उंदरांवर काळ्या उंदराची कातडी लागली असं भासवायला पेनने काळे डाग रंगवले, लॅबमधल्या असिस्टंटने अल्कोहोलने पुसलं तर शाई निघाली. समोर आपल्याच लॅबचा पोरगा असला की मात्र हसू येत नाही.

ज्युनियरला बोलावलं. स्क्रीन बघितल्या बघितल्या त्याला कळलं, खोटं बोलला नाही एवढं खरं.

"ताई, तीन टक्क्याची भट्टीत सुटली ओ. परत करून पाठवायची म्हणजे अजून महिना. सर म्हणले महिनाअखेर प्री-सबमिशन."

फेलोशिप आठ महिने आली नव्हती त्याची. सॅम्पलचे पैसे मित्राकडून घेऊन भरत होता हे मला तेव्हा कळलं, आणि सरांना अजूनही माहीत नाही, कारण सर विचारत नाहीत.

"आकडे कशाला बनवायचे मग? एक आणि दोन टक्के एवढंच दाखवायचं होतं."

"दोन पॉइंटचा ट्रेंड कोण घेतंय ताई," म्हणाला. आणि मग हळूच, "तुम्हीच म्हणला होता ना, गवत फार दिसतंय, जरा स्मूथ मार."

म्हणले होते. तेव्हा त्याने स्मूथ मारलं असतं, म्हणजे सॉफ्टवेअरने गवत कापलं असतं, तर ती दोन शिंगं पुसली गेली असती आणि मला काही दिसलंच नसतं. आणि माझ्या थीसिसमध्ये एका फिल्मचे तीन स्कॅन होते, त्यातला देखणा तेवढा लावला, बाकीचे दोन कुठल्या पेनड्राइव्हवर आहेत देव जाणे. ते आणि हे एकच असं मी म्हणत नाही. पण त्याला झापायला तोंड उघडलं आणि वाक्य काही पुरं होईना.

त्या रात्री दोघांनी मिळून तीन टक्क्याची परत केली, मी मोजत होते, तो बुडवत होता, साडेनऊला लाइट गेली तेव्हा एकेचाळीसवी डीप चालू होती. ती टाकली, दुसऱ्या दिवशी नव्याने. ही सुटली नाही. पाठवली, पैसे मी भरले.

एकोणीस दिवसांनी फाइल आली. पीक रुंद, बुटके, चढत जाणारा ट्रेंड तिसऱ्या पॉइंटला बदकन खाली. सरांना मी फक्त "सॅम्पल परत केलं" एवढंच सांगितलं, का ते नाही. सरांनी चष्मा वर करून नवा ग्राफ बघितला, जुनी प्रिंट शेजारी ठेवली.

"अगं, आधीचाच बरा होता की," म्हणाले.

तो माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही.